आक्काची पाठ, माझा पाय

मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. आमच्या गडमुडशिंगीत अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानत. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याने पायाळू माणसाकडे यायचं, वाकून उभं राहायचं आणि पायाळूने त्याच्या पाठीवर तीनदा लाथ मारायची. तिसऱ्या लाथेला उसण उतरते, अशी सगळ्यांची खात्री होती.

आमच्या घरातून देव, नवस, अंगारे सगळं माझ्या जन्माआधीच गेलं होतं. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हारा काढून टाकला आणि पुन्हा कधी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. माझा पाय मात्र राहिला. ही अंधश्रद्धा आहे असं कुणाला वाटलंच नाही. सुंठीचा काढा द्यावा तसा पाय द्यायचा.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला लाथ मारायला आवडायचं. आमच्या वस्तीत एरवी पाऊल न टाकणारे, आमच्या घरचं पाणी न पिणारे गावातले बडे शेतकरी उसण भरली की वाकत वाकत आमच्या दारात यायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आमच्या चौकटीला धरून माझ्यासमोर वाकले होते आणि म्हणत होते, "घाल बाळा, लाजू नगंस." मी घातली. माझ्या पायाला त्यांची पाठ लागली, ते मला अजून आठवतं. आमच्या घरचं पाणी न पिताच ते गेले. पण गेले सरळ चालत.

पुढे मी शिकलो. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागलो. आठवडाभर फळ्यावर मणक्यांच्या आकृत्या काढायचो आणि रविवारी गावी गेलो की कुणाच्या तरी पाठीवर लाथ मारायचो. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहिल्या ते मला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आई आजारी पडली तेव्हा सातवीतून तिची शाळा सुटली, माझी सुरू राहिली. ती कबनूरला दिली होती. दाजी एका शेडमध्ये पॉवरलूम चालवायचे आणि आक्का घरी मशीनवर कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसभर बसून ती शेकड्याने कांड्या भरे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. पहाटे नळावरून भरलेली घागर उचलताना तिच्या पाठीत उसण भरली होती. मला दारात बघितल्याबरोबर दाजी हसले.

"आलं बघ औषध चालत," ते म्हणाले. "मास्तर, चपला काडा आनि कामाला लागा. बी.एस्सी. झालेला पाय हाय, हितं कुनाला मिळतोय!"

आक्का मशीनवर दोन्ही हात टेकवून वाकली. गल्लीतल्या चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दोन लाथा मी हळू मारल्या. बहीणच होती.

"ह्यो काय पाय म्हनायचा?" शेजारची एक म्हातारी म्हणाली. "कोंबडी बी ह्याच्यापेक्षा जोरात पाय देती."

बायका हसल्या. आक्काही हसली आणि म्हणाली, "मार की रं, मी काय काचंची हाय व्हय?"

मी एक पाऊल मागे सरलो आणि तिसरी लाथ टाचेने मारली. जोरात मारली. त्या बायकांसाठी मारली.

आक्का ओरडली नाही. ती हळूहळू खाली बसली आणि म्हणाली, "काय तरी तुटलं रं."

दुसऱ्या दिवशी मी तिला राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. कंबरेतून कळ डाव्या पायात उतरत होती. डॉक्टरांनी तिला आडवं केलं, पाय उचलून बघितला आणि विचारलं, "पडलात का कुठं? कुणाचा धक्का, मार, काही?"

आक्काने तोंड उघडलं. त्याआधी मी बोललो. "नाही डॉक्टर. घागर उचलली, एवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मी डॉक्टरांच्या मुलीलाही शिकवत होतो. जीवशास्त्राच्या मास्तराने बहिणीला लाथ मारली, हे मला त्या टेबलापुढे सांगवलं नाही. कारण एवढंच होतं, आणि ते आज लिहितानाही लहान दिसतं.

औषधं लिहून देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सक्त विश्रांती. मणक्यांमधली गादी थोडी सरकली असावी, बहुतेकांची आपोआप बसते. पण बोटांना मुंग्या आल्या, बधिरपणा आला, पाऊल जड वाटलं, तर थांबायचं नाही. लगेच घेऊन या." मी मान हलवली. आक्काला मी फक्त विश्रांतीचं सांगितलं. बाकीचं सांगून घाबरवायचं कशाला, असं स्वतःला समजावलं.

चार दिवसांनी मी गेलो तर ती म्हणाली, "बोटास्नी मुंग्या येत्यात रं. सुया टोचल्यागत."

परत डॉक्टरांकडे जायचं म्हणजे परत तोच प्रश्न. मी म्हणालो, "मुंग्या येतात म्हणजे नस मोकळी होतेय. चांगलं लक्षण आहे."

ती मास्तरच्या शब्दावर विसंबून पडून राहिली. दहा-बारा दिवसांनी मोरीकडे जाताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निघून वाटेतच राहिली आणि तिला कळलंच नाही. दाजींनी बघितलं आणि ते तिला माझी वाट न बघता रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन आले. ऑपरेशन झालं. गादीचा फुटून नसेवर बसलेला तुकडा डॉक्टरांनी काढला. कळ गेली. पाऊल मात्र परत उचललं गेलं नाही. चालताना ती डावा गुडघा उंच घ्यायची आणि पाऊल खाली आपटायचं. "उशीर झाला," एवढंच डॉक्टर म्हणाले. कुणामुळे, ते त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर मी कुणाला लाथ मारली नाही. गावात कुणी आलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगायचो. हेही खोटंच.

दहाएक वर्षं गेली. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मूलपेशींवर लेख यायला लागले. ज्या पेशींचं अजून काही ठरलेलं नाही, ज्या पुढे हाड होऊ शकतात, कूर्चा होऊ शकतात, अशा पेशी. मुलं वर्गात विचारायची, म्हणून मी वाचू लागलो, आणि एका लेखात मणक्यांमधल्या गादीचा उल्लेख आला तिथे माझं वाचन बदललं. रोज क्लास सुटला की मी राजारामपुरीतल्या एका इंटरनेट कॅफेत तासभर बसू लागलो. शेजारी मुलं गेम खेळत असायची आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन सशांच्या मणक्यांवरचे शोधनिबंध वाचत असायचो.

जे समजलं ते असं. मणक्यांमधल्या गादीच्या पोटात पाणी धरून ठेवणारा लगदा असतो आणि त्याभोवती चिवट पदरांचं कडं. मोठेपणी त्या लगद्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या-खालच्या हाडांतून जे झिरपेल त्यावर तिथल्या मूठभर पेशी जगतात. म्हणून गादी एकदा सुकली किंवा फुटली की पुन्हा भरत नाही. कंबरेच्या हाडातल्या मज्जेतून मूलपेशी काढायच्या, वाढवायच्या आणि सुईने त्या गादीत सोडायच्या, त्या तिथे रुजतील आणि नवा लगदा तयार करतील, असा तो विचार होता. सशांमध्ये काही प्रमाणात जमलं होतं. जिथे अन्न कमी आणि दाब जास्त, तिथे या पेशी किती दिवस तग धरतील, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ही शेवटची ओळही मी वाचली होती. वाचलेलं सगळं मी एका वहीत उतरवत होतो, ती ओळ मात्र उतरवली नाही.

मी ठरवून टाकलं होतं. आक्काची गादी परत करायची. मी हा शब्द मनात असाच वापरायचो, परत करायची, जणू मी ती घरी नेऊन ठेवली होती.

मग राजारामपुरीतच एका हॉलमध्ये मोठ्या शहरातल्या एका उपचार केंद्राचं मोफत शिबिर लागलं. पडद्यावर चित्रं दाखवली. आधी काळी पडलेली गादी, नंतर पांढरी, टवटवीत. एक गोड बोलणारा तरुण फॉर्म वाटत होता.

"किती लोकांना दिलंय हे?" मी विचारलं.

"खूप, सर."

"पाऊल लुळं पडलेल्यांना?"

"सर, गादी नवी झाली की सगळंच सुधारतं. तुम्ही सायन्सचे आहात, तुम्हाला काय सांगायचं!"

त्या शेवटच्या वाक्याला मी भुललो. मी तिथेच फॉर्म भरायला बसलो. एक रकाना होता: दुखापत कशी झाली. मी लिहिलं, "पाण्याची घागर उचलताना." दहा वर्षांनी, कुणी समोर नसताना, कुणी विचारत नसताना, माझ्या हाताने तेच लिहिलं.

आक्काला सांगितलं तेव्हा ती कांड्या भरत होती. "सुई पाठीत घालनार?" तिने विचारलं.

"हो. पण भूल देऊन."

"तुला पटतंय न्हवं?"

"पटतंय."

"मग झालं की. कवा जायाचं सांग."

पुन्हा तेच. जणू ती पुन्हा माझ्यासमोर वाकून उभी होती. हे मला त्याच क्षणी कळलं असं म्हटलं तर बरं दिसेल, पण तसं नाही. मला आनंद झाला होता.

केंद्राला जुन्या ऑपरेशनची कागदपत्रं हवी होती, म्हणून मी त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचे केस पांढरे झाले होते. फाइल शोधायला माणूस पाठवून त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" मी सांगितलं. माझी वहीही दाखवली. त्यांनी ती मन लावून वाचली.

"वाचलंय तुम्ही बरंच," ते म्हणाले. "मी या संशोधनाच्या विरोधात नाही. उद्या होईलही. पण आज ते प्रयोगात आहे, आणि प्रयोग असेल तर प्रयोग म्हणून सांगायला पाहिजे, उपचार म्हणून विकायचं नाही. दुसरं म्हणजे, तुमच्या बहिणीचं आजचं दुखणं गादीचं नाहीच. पाऊल उचलणारी नस दबून गेली, तिला आता दहा वर्षं झाली. गादी सोन्याची बसवली तरी ते पाऊल उठणार नाही. हे त्यांनी सांगितलं?"

"नाही."

"मग पाठीत सुई कशासाठी?"

फाइल आली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: घागर उचलताना, मार नाही. ते दोन शब्द बघून मी बोललो. लाथ, त्या बायका, मुंग्या, सगळं सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी त्यांनी मला थांबवलं नाही.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "टाच कुठं बसली होती?" मी स्वतःच्या कंबरेवर जागा दाखवली. त्यांनी ती फाइलमध्ये लिहिली.

"त्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"त्या दिवशी कदाचित मी तिला घरी पाठवलं नसतं," ते म्हणाले. "पण मुंग्यांच्या दिवशी नक्कीच पाठवलं नसतं." आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

मी तिथून निघालो ते थेट कबनूरची बस धरली. घरी गेलो असतो तर सांगितलं नसतं, एवढी माझी मला ओळख झाली होती.

त्या दिवशी भारनियमन होतं. माग बंद, त्यामुळे कबनूर एवढं शांत की उंबऱ्यावर बसलेल्या दाजींचं तंबाखू मळणं ऐकू येत होतं. आक्का मशीनशेजारी सूत सोडवत बसली होती. मी तिला सांगितलं की इंजेक्शनने पाऊल उठणार नाही. ती म्हणाली, "बरं." मग म्हणालो की लाथेचं मी डॉक्टरांपासून लपवलं होतं.

"ते काय मला म्हायत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "मी तितंच हुतो की. माझ्याच पाटीवर बसली."

दाजी हसले. "मास्तरांनी धा वर्सांनी बातमी आनली."

"अजून एक आहे," मी म्हणालो. मुंग्या आल्या तर लगेच आणा असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हे मी सांगितलं.

दाजींचा हात थांबला. आक्काने सूत खाली ठेवलं.

"म्हंजी मी तुला सांगितलं, सुया टोचल्यागत हुतंय म्हनून, तवा तुला म्हायत हुतं?"

"हो."

"आनि तू मला चांगलं लक्षन म्हनलास."

"हो."

तिने डावा पाय हाताने जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, "डॉक्टर माझी पाट बघत हुता. माझ्या तोंडाकडं बघून इचारत हुता. आनि उत्तर कोन देत हुतं? तू. लाथेचं मला काय न्हाय रं. लाथ मी मागितलेली. पन माझं तोंड तू का झाकलंस?"

तिने सूत पुन्हा हातात घेतलं.

"जा आता," ती म्हणाली. दाजी मला सोडायला बसथांब्यापर्यंत आले नाहीत. नेहमी यायचे.

पुढच्या रविवारी मी गेलो. तिने पाणी दिलं, बोलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. मी ठरवलं होतं की हाकलेपर्यंत जायचं आणि हाकललं तरी पुढच्या रविवारी जायचं. मधल्या दिवसांत गडमुडशिंगीतला एक शेतकरी पाठ धरून माझ्याकडे आला. "मास्तर, एक लाथ घाला की. शिकलासा म्हनून पायाचा गुन गेला व्हय?" मी गुडघ्याचं कारण सांगितलं नाही. त्याला बसवलं आणि आक्काची सगळी हकीकत सांगितली, माझ्या नावानिशी. तो म्हणाला, "मग मी त्या पलीकडच्या गल्लीतल्या पायाळू बाईकडं जातो." मी त्याच्याबरोबर चालत त्या बाईकडे गेलो आणि तिलाही तेच सांगितलं. दोघांनी मला शिव्या दिल्या. तो शेवटी डॉक्टरकडे गेला की नाही, मला माहीत नाही. हे काम मी तेव्हापासून सोडलेलं नाही. शिव्या खायची सवय झाली आहे.

चौथ्या रविवारी आक्का बोलली. "त्या डॉक्टरकडं मला ने. तू भाईर बसायचं."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. दार बंद झालं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे एकदा डॉक्टर मोठ्याने हसले, मग बराच वेळ तीच बोलत होती. आत जे चाललं होतं ते माझ्या विषयाचं होतं, मी त्यावर वही भरली होती, आणि मला दारापाशी जायचा मोह होत होता. मी हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती. पाऊल खाली पडू नये म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत बांधायचा एक पट्टा आणि कंबरेचे रोजचे व्यायाम. "हे धा वर्सांमागंच कुनी तरी द्याया पायजे हुतं," ती म्हणाली. "मीबी कवा इचारलं न्हाय. तू इचारशील म्हनून बसलो." मग मला म्हणाली, "तुझ्या त्या केंद्राला फोन लाव. मी बोलतो."

रस्त्यावरच्या पीसीओतून मी नंबर लावून तिच्या हातात रिसीव्हर दिला.

"व्हय, मीच पेशंट," ती म्हणाली. "माझं पाऊल उटंल का, एवढंच सांगा... न्हाय, गादीचं नगं, पावलाचं सांगा... बरं, आतापतूर किती मानसं बरी झाली? नुसतं खूप न्हाय, कोन कोन?... ससं?" ती माझ्याकडे वळली. "ससं म्हनतोय." मग फोनमध्ये, "सशांस्नी बरं वाटलं ते झ्याक झालं. मानसं बरी झाली की कळवा. तवर माझं नाव खोडा."

मला वाटलं, विषय संपला. पण रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मूलपेशीचं तू वाचतोस ते सोडू नगंस. आज न्हाय तर पुढं कुनाच्या तरी कामी यील. मला बी बगायचं हाय, जमतंय का त्यास्नी. पन वाचलेलं मला बी सांगायचं."

"सांगेन."

"सगळं."

तेव्हापासून रविवारी दुपारी मी नवीन काही मिळालं असेल तर घेऊन कबनूरला जातो आणि मराठीत करून तिला वाचून दाखवतो. पट्टा बांधून ती आता गल्लीच्या टोकापर्यंत न आपटता चालते. तिने मला माफ केलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते तिने माझ्यासाठी करायचं आणखी एक काम होईल.

मागच्या रविवारी एक लेख होता. सुरुवात चांगली होती, प्राण्यांच्या गाद्यांची उंची वाढली होती. पुढच्या परिच्छेदात आलं की सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याच मरून गेल्या आणि काही गळून भलत्याच जागी हाड तयार झालं. मी अडखळलो. पान उलटायला माझं बोट पुढे गेलं होतं.

आक्का मशीन बंद करून माझ्याकडे बघत होती.

"थांबलास का?" ती म्हणाली. "वाच."

मी वाचलं.